सबवूफर म्हणजे घरातला डॉल्बी नव्हे

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की तुमच्या पत्रांच्या पानावर डॉल्बीचा विषय येतोच, दरवर्षी येतो आणि यायलाच पाहिजे, विसर्जनाच्या रात्री कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा पापाच्या तिकटीला जो उभा राहिलाय त्याला ते वेगळं सांगायला नको. पण परवा एका वाचकांनी जाता जाता अजून एक वाक्य टाकलंय, की आता घराघरात सबवूफर (म्हणजे फक्त खालचा बेस वाजवणारं वेगळं स्पीकरचं खोकं, थोडक्यात सब) शिरलेत ते पण छोटे डॉल्बीच आहेत, त्यांच्यावर पण बंदी आणा. तिथं मला राहवलं नाही. पत्र लांबणार आहे, कापायचं तर माझं घरगुती रामायण कापा पण मधलं तांत्रिक कापू नका, कारण ते दुकानात कोण सांगत नाही आणि न सांगितल्यामुळंच शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणं होतात.

आधी त्या डॉल्बी शब्दाचंच बघा की. रे डॉल्बी या माणसानं १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि त्याचं पहिलं नाव झालं ते टेपमधला सूं सूं आवाज कमी करणाऱ्या सर्किटमुळं. जुन्या कॅसेट डेकवर 'डॉल्बी एनआर' असं बटण असायचं, आमच्या पिढीला आठवत असेल, दाबलं की मागची खरखर कमी. म्हणजे नको तो आवाज काढून टाकण्यात ज्याचं नाव झालं, त्याचं नाव आपण कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडं कशाला दिलं, तर ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला. त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं असतं तर काय वाटलं असतं कोण जाणे. तसंच काहीतरी सबवूफरचं झालंय म्हणून हे पत्र.

माझी तीसेक वर्षं उद्यमनगरात लेथ आणि बोरिंगच्या आवाजात गेली. त्यामुळं घरी आल्यावर कसलाच आवाज नको असं माझ्या बायकोचं म्हणणं आणि घरी आल्यावर गाणं पाहिजे असं माझं, हा वाद लग्नापासून चालू आहे. गाण्यासाठी माझ्याकडं एक साधा स्टिरिओ अँप (अँप्लिफायर) आणि दोन बुकशेल्फ स्पीकर, पाच इंची वूफरवाले (वूफर म्हणजे बेस वाजवणारा स्पीकर), पाठीमागं भोक असलेले. ऐकायचं म्हणजे शास्त्रीय, जुनी नाट्यगीतं, भजनं, आणि भाचा आला की त्याची ती बेस गिटारवाली गाणी. सगळं छान, पण तबला ऐकताना नेहमी वाटायचं की चाट वाजतीय, शाई वाजतीय, डग्गा कुठाय? आहे असं कळायचं पण अंगाला लागायचं नाही. भजनातल्या पखवाजाची कणीक लावलेली बाजू तर पार पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखी.

याचं कारण साधं आहे. तेवढाच मोठा आवाज निम्म्या फ्रिक्वेन्सीला (सेकंदाला किती कंपनं ते, हर्ट्झमध्ये मोजतात) काढायचा तर स्पीकरच्या कोनला म्हणजे पुढच्या पडद्याला चौपट मागंपुढं हलावं लागतं. १०० हर्ट्झला १ मिलिमीटर हलणारा कोन ५० ला ४ आणि २५ ला १६ मिलिमीटर हलला पाहिजे. पाच इंची बिचारा कुठनं हलणार? तो साधारण ६० च्या आसपास हात टेकतो. आणि गंमत म्हणजे कान आपल्याला फसवतो, मूळचा खालचा सूर नसला तरी त्याच्या पटीतल्या वरच्या सुरांवरनं (हार्मोनिक) तो आहे असं समजून घेतो, म्हणून तर मोबाईलवर पण तंबोरा कळतो. पुरुष गायकाचा सा काळी एकचा धरला तर तो होतो साधारण १३८ हर्ट्झ आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१, पियानोची शेवटची पट्टी २७.५. कळतं सगळं, पण कळणं वेगळं आणि छातीला खर्ज लागणं वेगळं. थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापुरात राहून खर्जाशिवाय तंबोरा ऐकायचा म्हणजे मटणाशिवाय तांबडा रस्सा झाला.

लहानपणी शिवाजी पेठेतल्या कौलारू घरात यावर आमचा उपाय होता मडकं. स्पीकर काढायचा आणि माठाच्या तोंडावर पालथा घालायचा. तुमच्यातल्या बऱ्याच वाचकांनी केलं असेल, खोटं बोलू नका. बेस लई यायचा पण गाणं कुठलंही लावा, बुंब बुंब एकच सूर, कारण मडक्याला स्वतःचा एक सूर असतो आणि ते तोच वाजवतं. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९ व्या शतकातच हे पोकळ भांड्यांचं गणित करून ठेवलंय, आम्हाला ते ठाऊक नव्हतं, आम्हाला नुसतं भारी वाटायचं. हे मडकं ध्यानात ठेवा, पुढं परत येणार आहे.

तर पाच-सहा वर्षांपूर्वी मी सबवूफर घ्यायला शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं कुठल्यातरी पिक्चरमधला स्फोट लावला, गेन म्हणजे आवाजाचं बटण फुल्ल, काचा थरथरल्या, मी पण थरथरलो आणि दहा इंची खोकं घरी घेऊन आलो. कुठं ठेवू विचारलं तर म्हणाला कोपऱ्यात ठेवा, बेस वाढतो. जोडून द्यायला माणूस येईल म्हणाला, तो आला, वायर खुपसली आणि चहा पिऊन गेला. क्रॉसओव्हरचं बटण (सबनं कुठल्या हर्ट्झपर्यंत वाजवायचं ते ठरवणारं) १५० वर, आवाजाचं बटण अर्ध्याच्या पुढं, खोकं कोपऱ्यात.

पहिल्या दिवशी मी खूश. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की बातम्या देणारा माणूस दिसतोय टीव्हीत आणि बोलतोय कोपऱ्यातल्या खोक्यातनं. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "आवो, वर चक्की घातलीसा काय? माझी मांडणीवरची ताटं नाचाय लागल्यात." मी आवाज कमी केला. काकू गेल्या. पण आवाज कमी केला की बाकीचा सगळा बेस जायचा आणि ठराविक एका सुराला ताटं मात्र नाचायचीच. म्हणजे त्या वाचकांचं म्हणणं तेव्हाच्या माझ्या घरापुरतं शंभर टक्के खरं होतं, हे मी आधीच कबूल करतो.

मग भाचा आला, इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, मामा तुम्ही आवाज कमी करू नका, जागा बदला. मी म्हटलं जागेचा काय संबंध? त्यावर तो पोरगा मला माझ्याच भाषेत बोलला. म्हणाला, ऑईल इंजिन टेस्ट बेडवर घेतल्यावर ठराविक आरपीएमला सगळा सांगाडा थरथरतो आणि वर नेलं की शांत होतो का नाही? होतो की, रोज बघतोय. मग खोलीचं पण तसंच आहे म्हणाला. आरपीएमला ६० नं भागलं की हर्ट्झ, १५०० आरपीएम म्हणजे २५ हर्ट्झ. डोक्यात लख्ख प्रकाश पडला, तीस वर्षं जे हातानं ओळखत होतो तेच हे.

गणित कागदावर बसतं. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागायचं. आमचा हॉल १५ बाय १२, उंची साडेनऊ. १५ फुटाला आलं ३८ हर्ट्झ, १२ ला ४७, उंचीला ५९. म्हणजे हे तीन सूर माझी खोली स्वतःच वाढवून वाजवणार, गाण्यात ते थोडेच असले तरी. खोली म्हणजेच मडकं! आणि कोपरा ही अशी जागा आहे की तिथनं खोलीचे हे सगळे सूर एकदम चेतवले जातात, म्हणून दुकानदार म्हणतो बेस वाढतो. वाढतोच. कुठला वाढतो ते तो सांगत नाही. काकूंची ताटं ४७ ची होती, आम्ही नंतर मोबाईलवर टोन लावून खात्री केली, ४५ ला गप्प, ५० ला गप्प, ४७ ला नाच.

इथं एक बारकं निरीक्षण, पटतंय का बघा. पेठेतल्या जुन्या घरात भिंती मातीच्या, वर लाकूड आणि कौलं, तिथं मडक्याशिवाय बेस टिकायचाच नाही, कारण हलक्या छपरातनं खालचे सूर बाहेर निघून जातात आणि थोडे त्या लाकडातच जिरतात. आरसीसी फ्लॅटमध्ये सहा बाजूंनी काँक्रीट, जाणार कुठं? तिथंच आपटत राहतो. म्हणजे जेवढं घर पक्कं तेवढा सब लावणं अवघड. आणि हे भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवणारे जे आहेत त्यांना माझा दंडवत, ४० हर्ट्झची लाट २८ फुटांची असते, ती मऊ गादीनं जिरवायची तर अंदाजे सात फूट जाड गादी लागेल. ट्रेमधली अंडी खावा आणि ट्रे रद्दीत घाला.

मग जागा शोधायची कशी, तर भाच्यानं उलटी युक्ती काढली, जुनीच आहे पण मला नवीन होती. मी बसतो त्या सोफ्यावर सब ठेवला, अख्खं खोकं, आणि बेस गिटारचा एकेक सूर चढत जाणारं गाणं लावून आम्ही दोघं भिंतीच्या कडेकडेनं चार पायांवर रांगत सुटलो, कान जमिनीपासून फूटभर. जिथं सगळे सूर सारख्या वजनाचे ऐकू येतात ती जागा, सब तिथं न्यायचा. आवाज इकडून तिकडं जातो तसाच तिकडून इकडं येतो, म्हणून हे चालतं. बायको स्वयंपाकघरातनं आली आणि म्हणाली, "अंबाबाईला काय नवस बोललासा का काय मामा-भाच्यांनी?" तिला काय सांगणार. पण तासभराच्या रांगण्यात कोपऱ्यापासून चार फूट अलीकडं, डाव्या स्पीकरच्या आतल्या अंगाला अशी जागा सापडली की तिथं ४७ चा माज निम्म्यानं उतरला.

दुसरी गोष्ट सोफा. माझा सोफा मागच्या भिंतीला टेकून, सगळ्यांचाच असतो. भिंतीला खोलीचे सूर सगळ्यात जोरात असतात आणि लांबीच्या बरोबर मध्यावर ३८ चा सूर जवळजवळ गायब होतो, पाच पैसे खर्च न करता नुसतं चालत जाऊन ऐकू येतं हे, करून बघा. सोफा अडीच फूट पुढं घेतला. यावर घरात जी चर्चा झाली ती छापण्यासारखी नाही.

आता क्रॉसओव्हर, हे जरा सावकाश वाचा कारण निम्मे लोक इथंच चुकतात. होम थिएटरवाले ८० सांगतात आणि ते त्यांच्या जागी ठीक आहे, साधारण ८० च्या खाली आवाज कुठल्या दिशेनं आला ते कानाला सांगता येत नाही, लाट डोक्याच्या मानानं फार मोठी असते. म्हणून तर १५० वर ठेवल्यावर बातम्यावाला कोपऱ्यात जाऊन बसला होता, पुरुषाचा आवाज १०० च्या आसपासच सुरू होतो. पण नुसत्या दोन स्पीकरच्या स्टिरिओत, जिथं स्पीकरला अँपमधनंच पूर्ण गाणं जातंय आणि सब फक्त खालनं हात द्यायला आहे, तिथं स्पीकर जिथं थकतो तिथं सबनं उचलायचं. माझे ६० ला थकतात, तर सब ५५-६० वर. जास्त वर घेतला तर मधल्या पट्ट्यात दोघंही वाजवतात आणि पुरणपोळीत पुरण एकाच बाजूला जमावं तसा गोळा होतो. अजून एक, पाठीमागं भोक असलेला स्पीकर खाली एकदम घसरतो, दर सप्तकाला २४ डीबीनं (डेसिबल, आवाजाचं माप), बंद पेटीचा १२ नं म्हणजे सावकाश. सावकाश उतरणाऱ्याशी जुळवून घेणं सोपं जातं. म्हणून आम्ही स्पीकरच्या भोकात धुतलेला मोजा गुंडाळून कोंबला. हसू नका, कंपन्या यासाठी फोमची बुचं देतात, आमच्याकडं मोजा होता.

मग फेज. सबच्या मागं ० आणि १८० चा एक खटका असतो, त्याला कोणी हात लावत नाही. स्पीकरचा कोन पुढं येताना सबचा मागं जात असेल तर जिथं दोघं भेटतात तिथं एकमेकाला खाऊन टाकतात, बेस वाढवायला आणलेल्या खोक्यानं बेस कमी होतो. ८० हर्ट्झची लाट १४ फुटांची, म्हणजे सब स्पीकरपेक्षा नुसता सात फूट लांब असला तरी हिशोब उलटा. करायचं काय तर आपण सोफ्यावर बसायचं, क्रॉसओव्हरच्या सुराचा टोन लावायचा आणि दुसऱ्यानं खटका इकडं तिकडं करायचा, ज्या बाजूला जास्त भरीव वाटेल ती बरोबर. दुसरा माणूस पाहिजेच, एकट्यानं उठबस करून कान विसरतो. माझ्याकडं १८० निघालं. वर्षभर शून्यावर होतं!

आवाजाचं बटण शेवटी. आणि इथं माझं मत ठाम आहे, कुणाला पटो न पटो. सब चालू आहे हे कळलं की तो जास्त झालाय. बटण शून्यापासून हळूहळू वाढवत जायचं, आला असं वाटलं की तिथनं थोडं मागं. मग सब बंद करून बघायचा, बंद केल्यावर खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटली पाहिजे, गायक खुर्चीवरनं उठून दाराच्या चौकटीत गेल्यासारखा. डग्गा तबल्याशेजारीच वाजला पाहिजे, कोपऱ्यात नाही. तबलजी काय एक हात इथं आणि एक हात कपाटामागं ठेवून बसतो काय? आणि जुन्या ध्वनिमुद्रिका लावल्या की सब गप्प बसला पाहिजे. १९२५ च्या आधीची तर भोंग्यात गाऊन केलेली रेकॉर्डिंग, त्यात खालचे सूर आलेलेच नाहीत, तिथं सब बुंब करत असेल तर तो गाणं वाजवत नाहीय, तुमची खोली वाजवतोय. हलगी लावली तरी तसंच, हलगीत सबचं काय काम, ती वरच्या कडकडाटाची.

जोडणीबद्दल थोडक्यात. माझ्या अँपला सबचं वेगळं आऊटपुट नव्हतं, तर स्पीकरच्या टर्मिनललाच समांतर वायर जोडून सबच्या हाय लेव्हल इनपुटला (स्पीकरच्या वायरीतला सिग्नल घेणाऱ्या) दिली, अँपवर काही लोड येत नाही कारण सब त्यातनं करंट जवळजवळ घेतच नाही, आणि अँपचा जो काही स्वभाव आहे तो सबकडं पण जातो. फक्त तुमचा अँप ब्रिज केलेला (दोन चॅनेल जोडून एक केलेला) किंवा काही क्लास डी प्रकारातला असेल तर काळी वायर स्पीकरच्या मायनसला लावू नका, ती मायनस जमीन नसते, तिच्यावर पण सिग्नल असतो, अँप उडू शकतो, आधी माहितीपत्रक बघा. आणि सबमधनं हूं असा ५० हर्ट्झचा आवाज येत असेल तर अँप आणि सब एकाच बोर्डावर लावा, डिश किंवा केबलची वायर काढून बघा, बऱ्याच वेळा तिथनंच येतो. अर्थिंगची पिन मोडून हूं घालवणारे काही बहाद्दर आहेत. ते मात्र करू नका, फौंड्रीच्या गावात अर्थिंगची किंमत मी वेगळी सांगायला नको.

एवढं करून पण ४७ चा थोडा उंचवटा राहिलाच. तेव्हा भाच्यानं कुठनं तरी मोजायचा माईक आणला, लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं, खालून वर सूर घसरत नेला आणि पडद्यावर आमच्या हॉलचा जोतिबाचा डोंगर आणि पंचगंगेचा डोह दोन्ही दिसले. डोंगर म्हणजे वाढलेला सूर, डोह म्हणजे दबलेला. डोंगर कापायचा, डोह भरायला जायचं नाही हा नियम, कारण डोहात कितीही पॉवर ओतली तरी खोली ती खाऊनच टाकते आणि उगाच अँप आणि कोन दमतो. छोट्या डीएसपी डब्यानं (ठराविक सूर कमीजास्त करणाऱ्या) ४७ वर ६ डीबी कापले. ६ डीबी म्हणजे त्या सुराला जाणारी पॉवर चौथाई. खाली रबरी पॅड पण घातले, त्यानं फरशीतनं जाणारी थरथर थोडी कमी झाली असेल पण खरा फरक कापल्याचा. त्या संध्याकाळी मी खाली जाऊन काकूंच्या मांडणीसमोर उभा राहिलो आणि वर भाच्याला गाणं लावायला लावलं. ताटं गप्प. काकूंनी चहा केला, पण अजून मला त्या चक्कीवालेच म्हणतात.

(दोन सब लावले तर खोलीचे डोंगर-डोह अजून सपाट होतात, हरमन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये यावर सगळं मोजून मांडलंय, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक असे दोन लावले तरी चांगलं काम होतं. मी घरी हे नुसतं बोलून दाखवलं. विषय तिथंच संपला.)

आता त्या वाचकांना जे खरं सांगायचंय ते. सब नीट बसल्यापासून मी गाणं आधीपेक्षा हळू आवाजात ऐकतो. उलटं वाटेल पण तसंच आहे. आवाज लहान केला की कानाला बेस आधी सोडून जातो, मधले सूर राहतात, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. म्हणून साधे स्पीकर असलेला माणूस गाणं भरल्यासारखं वाटावं म्हणून बटण वाढवत वाढवत जातो आणि त्याबरोबर सगळंच वाढतं, शेजाऱ्याला भिंतीतनं सगळंच ऐकू जातं. माझा खर्ज आधीच जागेवर आहे त्यामुळं रात्री साडेनऊला बटण नऊच्या काट्याला असतं, पूर्वी अकराला असायचं. बायको शेजारच्या खोलीत मालिका बघते आणि तिला माझा तंबोरा ऐकू येत नाही, हा निकाल माझ्या दृष्टीनं कुठल्याही मीटरपेक्षा मोठा.

मीटरवरनं आठवलं, ही तुमच्यासाठी आहे संपादक साहेब. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही चौकाचौकातले डेसिबलचे आकडे छापता, चांगलं करता. नियम २००० सालचे आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५. पण हे आकडे असतात डीबी ए या मापातले, आणि त्या मापात मीटर खालच्या सुरांना मुद्दाम कमी धरतो, ५० हर्ट्झला तब्बल ३० डीबी वजा, १०० ला १९. कानाच्या ठेवणीप्रमाणं ते बारीक आवाजाला ठीकच आहे, पण ट्रॉलीवरच्या भिंतीतनं जो निघतो तो मुख्यतः अशाच खालच्या सुरांचा माल असतो. म्हणजे ज्यानं म्हाताऱ्या माणसाची छाती धडधडते आणि खिडकीच्या काचा वाजतात, त्याला त्या आकड्यात फार कमी जागा आहे. त्याच मीटरवर सी नावाचं दुसरं माप असतं, त्यात ५० ला दीड डीबीच्या आतबाहेर कमी होतं, म्हणजे जवळजवळ जसंच्या तसं. यंदा शक्य झालं तर तुमच्या वार्ताहरांना ए बरोबर सी चा आकडा पण घ्यायला सांगा, दोन्ही शेजारी शेजारी छापा. दोन्हीतला फरक बघून लोकांना आपोआप कळेल की रस्त्यावर काय चाललंय, आणि मिरवणुकीतला दणका आणि घरातला खर्ज यात काय अंतर आहे ते पण.

आणि ज्या वाचकांनी ते पत्र लिहिलं त्यांना माझं निमंत्रण. रविवारी सकाळी या. सोफ्यावर बसा, डोळे मिटा, सबचा खटका माझ्या हातात असेल, मी मधनं मधनं चालू-बंद करीन. तुम्ही फक्त सांगायचं आत्ता आहे का नाही. खोकं कुठल्या बाजूला आहे ते बोट करून दाखवलंत तर बंदीच्या अर्जावर पहिली सही माझी. चहा आमच्याकडंच, आणि वाटेत खालच्या काकूंना विचारून या, त्या माझ्या बाजूनं बोलतील याची मात्र खात्री देत नाही.

आपला,
उद्यमनगरातला एक वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर